तिंतिरियाच्या गल्लीत न शिरणारं खेचर

पाँपेईत तिंतिरियाचं घर कोणाला विचारावं लागत नसे. नाक बरोबर आणलं की झालं. शहराच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून, जिथून पुढे कांद्याचे मळे सुरू व्हायचे, तिथे तिचं अंगण होतं. अंगणात गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले मोठमोठे रांजण होते. रांजणात बांगड्यांचा थर, त्यावर मिठाचा थर, मध्ये सतापेचा उग्र पाला आणि वरून कांपानिया प्रांताचं कडक ऊन. महिनेन् महिने ते मुरायचं. मग गाळून जो तांबूस रस निघायचा तो गावातल्या प्रत्येक ताटात पडायचा, श्रीमंताच्या डुकरावर आणि गरिबाच्या घेवड्यावर सारखाच. गावाचा न्याय मात्र असा, की रस सगळ्यांना हवा आणि रस करणारी भिंतीपाशी, लांब. तिंतिरियाला त्याचं काडीइतकं वाईट वाटत नसे. "तोंडाला पाणी माझ्यामुळे सुटतं आणि नाकं माझ्याकडे बघून मुरडतात," ती म्हणायची, "माणसाचं तोंड आणि नाक यांचंच आपसात पटत नाही, त्याला मी काय करू?"

बापानं जाताना तिच्या हातात दोन गोष्टी ठेवल्या होत्या. एक लांब दांड्याची लाकडी पळी आणि एक चिमुकला मातीचा बुटकुला. बुटकुल्यात जुना रस असायचा, आजोबाच्या वेळेपासूनचा. नवा रांजण भरला की बुटकुल्यातलं थोडं त्यात घालायचं, नव्या रसातलं थोडं परत बुटकुल्यात. दुधाला लागतं तसंच हे विरजण. ते सांभाळलं की हाताची चव पिढ्यान् पिढ्या टिकते, असं बाप सांगायचा. तिंतिरिया त्या बुटकुल्याला बाळासारखी जपायची. तिला स्वतःचं मूल झालं नव्हतं. त्यावरून कोणी हळहळलं की ती पळी दाखवायची, म्हणजे समोरच्याची हळहळ आपोआप आटपायची.

नवरा त्रेबियस खेचरवाला. पाँपेईहून नोला, नोलाहून परत, गोण्या लादायच्या आणि उतरवायच्या. माणूस उंच, हाडकुळा, तोंडाचा फाटका आणि मनानं लोण्यासारखा. लग्न झाल्या दिवसापासून त्यानं बायकोच्या वासाबद्दल तक्रार केली आणि एकही दिवस बाहेर जेवला नाही.

"तिंती, तुझ्याशी लग्न केलं आणि नाक गहाण टाकलं बघ."

"मग सोडवून घे आणि जा नाक घेऊन दुसरीकडे."

"जातो की. आधी तेवढं पानावर वाढ."

आणि मग पावाच्या तुकड्यानं ताट इतकं लख्ख पुसायचा, की तिंतिरिया ते धुवावं का तसंच फळीवर ठेवावं या विचारात पडायची.

त्रेबियसकडे एक खेचर होतं. त्याचं नाव सेनेटर. काही काम न करता गंभीर चेहऱ्यानं एका जागी उभं राहायचं कसब त्याला जन्मजात होतं, म्हणून हे नाव. लहानपणी त्यानं एकदा तिंतिरियाच्या रांजणात तोंड घातलं होतं. नाकपुड्यांत खारट रस गेला आणि त्याच क्षणी नाकाडावर पळी बसली. तेव्हापासून त्या रसाचा वास आणि पळीचा फटका ही दोन्ही त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होऊन बसली. शहरात रस करणारे आणखीही होते, त्यांच्या दारावरून सेनेटर मान डोलावत जायचा. पण तिंतिरियाच्या गल्लीच्या तोंडाशी आला की वळायचा, गल्लीकडे ढुंगण करायचा आणि थांबायचा. बस्स. वर आभाळ पडलं तरी पुढे पाऊल नाही. रोज संध्याकाळी कोपऱ्यावरून त्रेबियसची आरोळी यायची, "सेनेटर, पाय उचल रे मेल्या! बायको खात नाही तुला!" ती कानावर पडली की तिंतिरिया तवा चुलीवर ठेवायची. शेवटी सगळं ओझं खांद्यावर घेऊन त्रेबियसच आत यायचा.

शेजारीण कासेल्लिया. विधवा, म्हातारी, हार-गजरे करून विकायची. आता फुलांचं दुकान आणि मासळीचे रांजण यांच्यात एकच भिंत म्हटल्यावर शेजारधर्म किती टिकणार? "माझ्या गुलाबांना बांगड्याचा वास येतो म्हणून नवरीमुली परत जातात," असं ती भिंतीवरून ओरडायची.

"मावशी, तुझ्या गुलाबांमुळे माझे बांगडे लाजतात, मी कधी बोलले का?"

"तुझा नवरा नाक मुठीत धरून घरी येतो, ते बघितलंय मी!"

"येतो ना? मग झालं तर."

हे भांडण रोजचं होतं. ज्या दिवशी होत नसे त्या दिवशी दोघींनाही जेवण जात नसे.

त्या शरदात जमीन वरचेवर हलायची. कोणी मनावर घेतलं नाही. कांपानियात जमीन हलते, पोरं रडतात आणि सासवा बोलतात, त्यात घाबरायचं काय? विहिरी आटल्या तेव्हा कासेल्लियानं त्याचाही दोष रांजणांना दिला. अशाच एका सकाळी त्रेबियस नोलाला निघाला. तिथे द्राक्षं तुडवायचा सण होता.

"चल की बरोबर," तो म्हणाला. "चार दिवस नाच, गा, नवी दारू पी. तुलाही जरा माणसाचा वास येऊ दे."

"आणि रांजण कोण ढवळणार? तुझा सेनेटर?"

"मरू देत ना एकदा ते रांजण!"

"जग बुडालं तरी मी रांजण सोडून हलायची नाही. जा तू."

तो रागानं गेला. कोपऱ्यावरून परत आला, विसरलेली टोपी उचलली, तिच्या डोक्यावर टपली मारली आणि पुन्हा गेला.

त्याच दुपारी गावामागचा डोंगर फुटला. ज्याच्या अंगावर आजवर द्राक्षंच पिकली तो डोंगर, त्याच्या माथ्यातून काळा खांब निघाला, सरळ वर गेला आणि वर जाऊन पाइनच्या झाडासारखा फाकला. लोक रस्त्यात येऊन माना वर करून बघत राहिले. मग तो खांब गावावर कलंडला, ऊन गेलं आणि आभाळातून खडे पडू लागले. पांढुरके, भोकाभोकांचे, हलके खडे. तिंतिरिया धावली ती घरात नाही, अंगणात. एकेक रांजण फळ्यांनी, गोणपाटांनी, स्वतःच्या पांघरुणांनी झाकत सुटली. शेवटच्या रांजणाला काहीच उरलं नाही. त्यात मुठीएवढा एक दगड पडला. तो काढायला तिनं पळी घातली आणि थबकली. दगड बुडालाच नव्हता. रसावर बुचासारखा डुलत होता.

तिंतिरिया त्याच्याकडे बघत राहिली. आयुष्यभर तिनं बुडणाऱ्या आणि तरंगणाऱ्या गोष्टी पाहिल्या होत्या, त्यावरच तिचा धंदा चालायचा. "बांगडा बुडतो आणि दगड तरंगतो," ती स्वतःशीच म्हणाली, "मग इथे आता माझं काय काम?"

तिनं बुटकुला ओच्यात बांधला, पळी हातात घेतली आणि भिंतीपलीकडे हाक मारली. कासेल्लिया घरातले देव फडक्यात गुंडाळत बसली होती. एका लग्नाचे हार तयार होते, ते फुकट जाऊ नयेत म्हणून तिनं सगळे गळ्यात घातले होते. तिंतिरियानं तिच्या आणि आपल्या डोक्यावर एकेक उशी बांधली आणि दोघी वेशीबाहेर पडल्या. मागे कौलं मोडत होती, छपरं त्या हलक्या खड्यांच्या भारानं बसत होती. थोड्याच वेळात इतका अंधार झाला की स्वतःचा हात दिसेना. चहूकडून माणसं एकमेकांना नावानं हाका मारत होती. तिंतिरिया घाबरली होती. म्हातारीचा हात सुटेल आणि ती हरवेल, या एकाच भीतीनं तिचा जीव वरखाली होत होता.

"मावशी, पदर धर माझा!"

"पदर कशाला? बुटकुला सांडतोय तुझा. त्या घाणीच्या मागं मी डोळे मिटून येते. आयुष्यात पहिल्यांदा त्या वासाचा उपयोग झाला!"

अंधारात कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी. काही माणसं त्या वासाच्या मागं चालू लागली. किनाऱ्याकडच्या वाटेनं, दगडांच्या पावसात, मासळीच्या वासामागून ती वरात खाडीच्या दक्षिण टोकाच्या सुर्रेंतुमला पोहोचली. त्यातलं एकही माणूस वाटेत हरवलं नाही. पुढे बरीच वर्षं त्यांच्यापैकी कोणी भेटलं की तिंतिरियाला बघून आधी नाक धरायचं आणि मग गळ्यात पडायचं.

धूर विरळ झाल्यावर सुर्रेंतुमच्या कड्यावरून तिनं खाडीपलीकडे बघितलं. डोंगराचा माथा नव्हता. खाली गाव नव्हतं. भिंती, वेस, बाजार, हौद, अंगण, काही नव्हतं. एक करडा उतार समुद्रापर्यंत गेला होता. ती खाली बसली आणि मोठ्यानं रडली. घरासाठी रडली नाही. तिला तिचा माणूस ठाऊक होता. तोंडानं कितीही बोलला तरी तो नोलाहून उलटा पळत आला असणार, तिला काढायला. ती बाहेर पडली आणि तो आत गेला, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना. कासेल्लियानं एकही टोमणा मारला नाही. गळ्यातला एक हार काढून तिच्या गळ्यात घातला आणि शेजारी बसून राहिली.

होडीनं दोघी पुतेओलीला गेल्या. मोठं बंदर, तिथे पाँपेईची बरीच माणसं येऊन पडली होती. तिंतिरियानं एका गल्लीच्या टोकाला, पुन्हा लांबच, जागा घेतली. रांजण पुरले, बांगडे आणले, सताप लावली आणि बुटकुल्यात उरलेलं विरजण घातलं. पहिला रस निघाला त्या दिवशी पाँपेईकर दाराशी गोळा झाले. एका पैलवानासारख्या न्हाव्यानं बोट बुडवून चाटलं आणि तो तिथेच हुंदके देत उभा राहिला. मग आत जाऊन त्यानं दोन सुरया भरून नेल्या, तेव्हा कुठे तिंतिरियाला बरं वाटलं. त्या संध्याकाळी त्या अंगणात नाचही झाला. कासेल्लियाला गावात बाजाराजवळ चांगली जागा मिळत होती. ती सोडून तिनं तिंतिरियाच्या शेजारीच हार मांडले.

"मावशी, पुन्हा इथेच? गुलाब बाटतील की."

"मग भांडायला रोज गाव ओलांडून येऊ का या वयात?"

दिवस बरे चालले होते. तिंतिरिया हसायची, ओरडायची, ढवळायची. फक्त संध्याकाळी तवा ठेवायची वेळ झाली की तिचा हात अडखळायचा. बंदरात येणाऱ्या प्रत्येक खेचरवाल्याला ती विचारायची, "उंच, हाडकुळा, शिव्या फार देतो, खेचर चालत नाही, असा कोणी दिसला का?" खेचरवाले म्हणायचे, "बाई, हे तर आमचं सगळ्यांचंच वर्णन झालं."

हिवाळा सरताना मेलेल्यांचे दिवस यायचे. गावाबाहेरच्या रस्त्यावर, थडग्यांपाशी, लोक कौलाच्या तुकड्यावर दारूत भिजवलेला पाव, चिमूटभर मीठ आणि जांभळ्या फुलांचा हार ठेवायचे. ज्यांची थडगी नव्हती त्यांच्या नावानं रस्त्याच्या कडेलाच ठेवायचे. दर वर्षी कासेल्लिया एक हार जास्त करायची आणि मुकाट्यानं तिंतिरियाच्या दाराला अडकवायची. दर वर्षी तिंतिरिया तो परत भिंतीपलीकडे टाकायची.

"जिवंत माणसाला मेल्याचं जेवण वाढू नकोस, मावशी. तो खादाड आहे. आवडलं तर तिकडेच राहील."

मग एका वर्षी नोलाचा एक तेलवाला आला. त्यानं सांगितलं, की त्या दुपारी एक उंच खेचरवाला लगाम ओढत, ओरडत, त्या काळ्या ढगाकडे धावत जाताना त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. परत येताना कोणी पाहिला नाही. तिंतिरियानं त्याला पाणी दिलं, जेवायला घातलं, दारापर्यंत पोचवलं. मग रांजणाच्या काठावर बसून राहिली. पुढच्या मेलेल्यांच्या दिवसांत कासेल्लियानं हार अडकवला तेव्हा तो तिनं परत टाकला नाही.

पाव तिनं दारूत भिजवला, मीठ ठेवलं. मग मन घट्ट करून वर चार थेंब रसाचे सोडले. तसा रिवाज नाही, पण त्रेबियसला कोरडा पाव घशाखाली उतरत नसे. हार मनगटावर घेतला, कौल हातात धरलं आणि ती घराबाहेर पडली. मागून कासेल्लिया काठी टेकत निघाली.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी होती. हातगाड्या अडल्या होत्या, हमाल शिव्या देत होते. वाटेच्या मधोमध, गल्लीकडे ढुंगण करून, अक्रोडाच्या गोण्या लादलेलं एक म्हातारं खेचर उभं होतं. त्याच्या पलीकडून कोणीतरी लगाम ओढत होतं.

"सेनेटर, पाय उचल रे मेल्या! सगळं बंदर तुंबलंय तुझ्यापायी! अख्खा बाजार ओलांडून आलास आणि इथे काय झालं? तिची गल्ली आहे का ही, असा अडून..."

आवाज मध्येच थांबला.

तिंतिरिया गर्दीत घुसली आणि खेचराच्या ढुंगणापाशी येऊन उभी राहिली.  

"नीट बोल त्याच्याशी," ती म्हणाली. "त्याला कळतं. तुला कळत नाही."

खेचराच्या मानेवरून एक डोकं वर आलं. दाढी पांढरी झालेली, डोळे तेच. त्रेबियसनं तिला बघितलं आणि तो पिठासारखा पांढरा पडला. मेलेल्यांचे दिवस, भुतं मोकळी फिरतात, आणि समोर ही! त्यानं कमरेची पिशवी सोडली, आतून दारूत भिजवलेला पाव काढला आणि लांबूनच तिच्यापुढे धरला.

"तिंती, तुझ्यासाठीच आणलंय गं. दर वर्षी ठेवतो. खाऊन घे आणि शांत हो, बाई."

तिंतिरियानं पाव घेतला, तोडला, तोंडात घातला.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

भुतं मिठाबद्दल बोलत नाहीत. त्रेबियसनं लगाम टाकला, खेचराच्या पोटाखालून वाकून तो अलीकडे आला आणि भर रस्त्यात, सगळ्या हमालांसमोर, त्यानं तिला उचललं. रडत होता, हसत होता, शिव्या देत होता. "अगं भवाने, रांजण सोडून हलायची नाहीस म्हणालीस! म्हणून मी धरून चाललो की तू गेलीस!"

"आणि तू मला काढायला आत शिरलास, म्हणून मी धरून चालले की तू गेलास!"

"शिरणार होतो! ह्या मेल्यानं शिरू दिलं नाही! ढग बघितला, रस्त्यात बसला, काही केल्या उठेना. मारलं, ओढलं, रडलो त्याच्यापुढे. तोवर सगळं संपलं. त्याला एकट्याला सोडवेना, पुढे जावेना. तेव्हापासून समुद्राकडे पाय वळला नाही, आज पहिल्यांदा ह्या बंदरात आलो. रोज शिव्या घालतोय ह्याला, तुझ्यापायी."

"म्हणून मला उचक्या लागायच्या होय!"

त्रेबियसला भूक लागली होती. तिच्या हातातल्या कौलावरचा, त्याच्याच नावाचा पाव त्यानं उचलला आणि खाऊ लागला. तीही त्यानं आणलेला, तिच्या नावाचा पाव खात होती. कासेल्लिया गर्दीतून पुढे आली आणि तिनं डोक्याला हात लावला.

"अरे काय हे! स्वतःचंच मेल्याचं जेवण रस्त्यात उभं राहून खाताय! देवांना काय वाटेल? आणि माझा हार कुठाय?"

हार सेनेटरच्या तोंडात होता. शेवटची दोन फुलं बाहेर लोंबत होती, तीही त्यानं शांतपणे आत ओढली. गल्लीचं तोंड हसण्यानं दुमदुमलं. हमाल हसले, गाडीवाले हसले आणि शेवटी कासेल्लियाही हसली, दात नसलेलं तोंड झाकून.

गोण्या खांद्यावर घेऊन त्रेबियस गल्लीत निघाला, पूर्वीसारखाच. रांजणांपाशी आला. तिंतिरिया त्याच्या नाकाकडे बघत होती. आता मुरडेल, मग मुरडेल. नाक हललंच नाही.

"काय रे? वास नाही येत?"

"त्या दिवशी राख गेली नाकात," तो हळूच म्हणाला. "तेव्हापासून कशाचाच वास येत नाही. बाजारातून आलो, तुझ्या दारापर्यंत आलो, मला पत्ता नाही. हा थांबला नसता तर मी पुढे निघून गेलो असतो गं, तिंती."

 तिंतिरियानं तवा चुलीवर ठेवला.

त्यानंतर दोघं पुष्कळ जगले आणि पुष्कळ भांडले. कासेल्लिया फुलांमध्ये बसल्या बसल्याच वारली, तिच्या नावाचा पाव दर वर्षी रसाचे थेंब टाकूनच ठेवला जाई, तिला डिवचायला. सेनेटर मरेपर्यंत त्या गल्लीत शिरला नाही. कोपऱ्यावरून आरोळी यायची, ओझं खांद्यावरून यायचं, आणि ताटावर बसल्यावर पहिला घास हातात धरून त्रेबियस रोज विचारायचा, "आज कसा येतोय गं?"

तिंतिरिया रांजणात डोकावायची, पळी फिरवायची, दीर्घ श्वास घ्यायची आणि सांगायची, "घाण."

मग तो समाधानानं जेवायला लागायचा.